चमच्याची अंगठी

जुन्या चमच्यांच्या आणि काट्यांच्या दांड्यांपासून घरच्या घरीं अंगठ्या करण्याचा एक हुन्नर आहे. इंग्लंड व अमेरिका या देशांत तो बराच रूढ असून, आतां आपल्याकडील शहरांतही हौशी मंडळी तो करूं लागली आहेत. कृति सोपी, खर्च थोडा, आणि जी वस्तु मोडींत जावयाची ती पुनः हातांत मिरवितां येते. तेव्हां यांत विचार करण्याजोगें असें काय आहे, असें वाचक साहजिकच विचारतील. आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें होतें. परंतु गेल्या वर्षीं आमच्याच घरीं एक चमचा कापण्याचा प्रसंग आला, आणि त्या बारीकशा करवतीनें जे प्रश्न उघडे केले ते अद्यापि पुरते मिटलेले नाहींत. ते वाचकांपुढें मांडावे असें योजिलें आहे.

आमची आजी नगर जिल्ह्यांतील एका मिशन बंगल्यांत बरींच वर्षें स्वयंपाकाच्या कामावर होती. बंगल्यांतील कुटुंब स्वदेशीं परत जावयास निघालें, तेव्हां मडमसाहेबांनीं तिला चहाचे सहा चमचे दिले. त्यांच्या दांड्यांवर द्राक्षवेलीची नाजूक नक्षी होती. आजीनें ते जपून पेटींत ठेविले असतील असें कोणास वाटेल, पण तसें झालें नाहीं. घरांत पोर आजारी पडलें कीं त्याच चमच्यानें तिला पेज. पाहुणा आला कीं त्याच चमच्यानें त्याच्या चहांत साखर. पेटींत ते गेले ते आजीच्या मागें, आमच्या आईच्या हातून. आईनें ते मलमलीच्या फडक्यांत बांधिले आणि “सासूबाईंचे चांदीचे चमचे” म्हणून ठेवून दिले. त्यास तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. इतक्या काळांत त्यांनीं कोणाच्याही तोंडांत घास घातला नाहीं.

गेल्या वर्षीं आमची पुतणी नोकरीनिमित्त मुंबईस जावयास निघाली. चमच्याच्या दांड्याची केलेली एक अंगठी तिनें कोणाच्या तरी हातांत पाहिली होती. ती आम्हांस म्हणाली, “काका, पणजीच्या चमच्याची मला अंगठी करून द्या. तिचें कांहीं तरी माझ्या हातांत असूं द्या.” आम्हांस लहानपणापासून कानस-करवतीची हौस, आम्ही तत्काळ होकार दिला. परंतु आमच्या आत्याबाई, म्हणजे आजीच्या कन्या, त्या वेळीं घरीं होत्या. वय ऐंशींच्या पुढें. त्या म्हणाल्या, “माझ्या आईच्या वस्तूला करवत लावणार? उद्यां तिच्या जात्याचा दगड फोडून पायरी करा!” यावर त्या मुलीनें जें उत्तर दिलें तें आमच्या मनांत अद्याप घोळत आहे. ती म्हणाली, “आत्याआजी, तुमच्याजवळ तिची आठवण आहे, म्हणून वस्तु पेटींत राहिली तरी तुम्हांला चालतें. माझ्याजवळ आठवणच नाहीं. मला वस्तु पाहिजे.”

आत्याबाई थोडा वेळ गप्प बसल्या, आणि मग “तुम्हांला वाटेल तें करा” असें म्हणून आंत गेल्या. आम्हीं ती संमति समजलों.

आतां प्रश्न असा कीं, एखाद्या वस्तूचें रूप मोडून दुसरें करणें यांत मुळांत कांहीं अन्याय आहे काय? चांदीपुरतें विचाराल तर तिनें एका रूपाशीं निष्ठा कधींच ठेविली नाहीं. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड प्रांतांत आरंभीच्या काळीं चांदीच्या खाणी नव्हत्या आणि पैसा ठेवावयास पेढ्याही नव्हत्या. तेव्हां लोक साठलेलीं नाणीं सोनाराकडे नेत व त्यांचे चमचे, पेले करून घेत. नाण्यावर मालकाचें नांव नसतें, चमच्यावर कोरतां येतें. चोरी झाली तर वस्तु ओळखतां यावी हाही त्यांत हेतु असे. याच्या अगदीं उलट गोष्ट इंग्लंडांत घडली. १६४३ सालीं, राजा व पार्लमेंट यांच्या युद्धांत, ऑक्सफर्ड येथील विद्यालयांनीं आपलीं चांदीचीं भांडीं राजाच्या टांकसाळीस दिलीं आणि त्यांचीं नाणीं होऊन तीं शिपायांच्या पगारांत गेलीं. आपल्याकडे तर राणीछाप रुपया हा जसा बाजारांतील पैसा तसाच सोनाराच्या मुशींतील माल. १९४० पर्यंत त्या रुपयांत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी असे व त्याचें वजन बरोबर एक तोळा भरे. त्यामुळें सुगी चांगली झाली कीं खेड्यांतील बाई रुपये देऊन जोडवीं किंवा पोराचे वाळे करवून घेई, आणि दुष्काळ पडला कीं तेच वाळे मोडून दाणे आणी. यास कोणीं पाप म्हटलें नाहीं. निवासमंडपांतील हात धुण्याचें पितळी गंगाळ स्त्रियांच्या आरशांचें केलें होतें हें निर्गमाच्या पुस्तकाच्या वाचकांस ठाऊक आहेच. तेव्हां रूप बदलणें हाच दोष, असें म्हणतां येत नाहीं.

परंतु येथें एक भेद आहे, आणि तो आमच्या ध्यानांत उशिरां आला. सोनार जेव्हां रुपया मुशींत टाकतो तेव्हां रुपया संपतो. त्याच्या वाळ्यांत राणीचें मुख कोणी शोधीत नाहीं. चमच्याच्या अंगठीची गोष्ट निराळी. ती वितळविलेली नसते. ती चमचा होती हें पाहतांच कळलें पाहिजे, यांतच तिची सारी गोडी आहे. म्हणजे हा हुन्नर करणारा वस्तु मोडूं पाहतो आणि ती मोडली नाहीं असेंही दाखवूं पाहतो. आम्हांस वाटतें, आत्याबाईंचा रोष यामुळेंच अधिक होता. चमचे विकून शाळेची फी भरली असती, तर त्या कांहीं बोलल्या नसत्या.

असो. काम कसें केलें तें थोडक्यांत सांगतों, कारण पुढील गोष्ट त्या कामांतूनच निघाली. प्रथम बोटाचें माप घ्यावें लागतें. बोटास आंतून १८ मिलिमीटर रुंदीचें कडें बसत असेल आणि दांडा दीड मिलिमीटर जाड असेल, तर दोहोंची बेरीज साडेएकोणीस, तिला ३.१४ नीं गुणिलें म्हणजे सुमारें ६१ मिलिमीटर लांबीची पट्टी हवी. जाडी हिशेबांत न धरणारे नवशिके अंगठी नेहमीं आंखूड करितात. मग बारीक करवतीनें दांडा कापावयाचा, कापलेली कड कानशीनें गोल करावयाची, आणि निमुळत्या लोखंडी दांड्याभोंवतीं लाकडी हातोड्यानें हळूहळू वळवावयाची. लोखंडी हातोडा घेतला तर नक्षी चेपते. शुद्ध चांदीकामाचा चमचा असेल तर तो अंधारांत मंद लाल दिसेपर्यंत तापवून पाण्यांत बुडविला असतां नरम होतो. मुलाम्याचा असेल तर तापविण्याच्या भरीस पडूं नये, कारण मुलामा जळून डागळतो. सुरीच्या मुठी तर कधींही विस्तवावर धरूं नयेत; पुष्कळशा मुठी पोकळ असून आंत राळेसारखा मसाला भरलेला असतो, आणि तापल्यावर त्या फुटण्याचें भय असतें. नित्याच्या स्टेनलेस पोलादाच्या चमच्याविषयीं एवढेंच सांगतों, कीं तो वांकविण्यांत हाताची जितकी सालें निघतात तितकी त्या अंगठीची किंमत नाहीं.

दांडा कापून होतांच कापलेल्या तोंडाकडे पाहिलें, आणि आम्ही चमकलों. वरचें रूप पांढरें शुभ्र. आंतील धातु मात्र किंचित पिवळट, राखी. चांदी आंतबाहेर एकच असते. मग चमचा उलटा करून भिंगानें पाहिला. दांड्याच्या पाठीवर चार इंग्रजी अक्षरें होतीं: ई. पी. एन. एस. म्हणजे विजेच्या योगानें चांदीचा मुलामा दिलेलें जर्मन सिल्व्हर. जर्मन सिल्व्हर या नांवांत चांदी आहे तेवढीच; धातूंत ती मुळींच नाहीं. तें तांबें, निकल व जस्त यांचें मिश्रण आहे. त्यावर विजेनें मुलामा चढविण्याच्या कृतीचा हक्क बर्मिंगहॅम येथील एल्किंग्टन यांनीं १८४० सालीं घेतला, आणि तेव्हांपासून चांदीसारखें दिसणारें टेबलाचें सामान मध्यम स्थितींतील कुटुंबांसही परवडूं लागलें. इंग्लंडांत खऱ्या चांदीवर ठसे असतात. तेथें १३०० सालच्या कायद्यापासून चांदीचा कस सरकारमान्य तपासनिसांकडून पाहिला जात असे. हजारांत ९२५ भाग चांदी भरली तरच ठसा मिळे, व १५४४ पासून त्यांत चालत्या सिंहाची आकृति आली. आमच्या चमच्यावर सिंह नव्हता. तीं चार अक्षरें आमच्या जन्मापूर्वींपासून तेथें होतीं. घरांत इंग्रजी शिकलेलीं माणसें होतीं. पण वाचून पाहण्याची कोणास गरजच वाटली नव्हती.

मडमसाहेबांनीं आजीस फसविलें काय? मुळींच नाहीं. ते चांदीचे आहेत असें त्या कधीं म्हणाल्याची गोष्ट घरांत नाहीं. चांदीचें नांव आम्हींच दिलें, आणि पेटीनें तें खरें करून दाखविलें. कारण जी वस्तु वापरांत नाहीं तिच्याविषयीं कांहींही मानतां येतें. आजीनें चालविले असते तसे ते चालत राहिले असते, तर पांच वर्षांत सारें घर जाणतें झालें असतें.

आतां दुसरा पेंच पडला. हें आत्याबाईंस सांगावें कीं नाहीं? वडील बंधु म्हणाले, “त्यांना कशाला सांगतां? या वयांत त्यांच्या आईची चांदी हिरावून घेऊन काय मिळवाल?” त्यांच्या बोलण्यांत दया होती हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु विचार केला तेव्हां असें दिसलें कीं, त्या दयेच्या पोटांत एक अपमान लपलेला आहे. आत्याबाईंचें आईवरील प्रेम चांदीच्या कसावर टिकून आहे, चांदी गेली तर तें उणें होईल, असें त्यांत आपण गृहीत धरितों. शिवाय अंगठी मुलीच्या हातांत जाणार. उद्यां तिनें मुंबईंत ती चांदीची म्हणून कोणास सांगितली तर त्या खोटेपणाचे धनी आम्ही. या हुन्नरानें अंगठ्या करून विकणारांनींही हें ध्यानांत ठेवावें. चमचा चांदीचा, मुलाम्याचा कीं पोलादाचा, हें घेणारानें विचारण्यापूर्वीं सांगितलें पाहिजे. “जुन्या चांदीच्या चमच्याची” असें मोघम बोलणें प्रामाणिकपणाचें नाहीं.

आम्हीं आत्याबाईंस सांगितलें. त्या जराही दचकल्या नाहींत. म्हणाल्या, “मला ठाऊक आहे. आई ते राखेनें घांसायची. माझ्या लहानपणींच कडेला पिवळें दिसूं लागलें होतें. चांदी कुठली, चांदी असती तर तिनें पहिल्या दुष्काळांतच मोडली असती.” आणि मग त्यांनीं विचारिलें, “त्याची वाटी कुठें आहे?”

वाटी म्हणजे चमच्याचा खोलगट भाग. त्याकडे आम्हीं लक्षच दिलें नव्हतें. अंगठी दांड्याची होते. उरलेली वाटी मोडीच्या डब्यांत जाते, हीच त्या कामाची रीत. आम्हींही ती खिळ्या-तुकड्यांच्या डब्यांत टाकिली होती. ती शोधून त्यांच्या हातावर ठेविली. त्यांनीं अंगठा तिच्या कडेवरून फिरविला. उजव्या हातानें खाणारे व भांडें खरवडणारे, यांच्या चमच्याची टोंकाकडील डावी कड आधीं झिजते. या वाटीची ती कड झिजून तेथील मुलामा पार गेला होता. सहांपैकीं याच चमच्यानें आजी वाडग्याच्या तळाची पेज काढीत असे, असें त्या म्हणाल्या. तापांत त्यांना भरविलें तें याच वाटीनें. नक्षी त्यांना आठवतही नव्हती.

चमच्याचे दोन भाग आम्हांस त्या दिवशीं प्रथम कळले. दांडा देणाऱ्याच्या हातांत असतो, वाटी घेणाऱ्याच्या तोंडांत. जिनें आजीस पाहिलें नाहीं तिला आजीचा हात हवा होता, आणि तो दांड्याला लागलेला होता. तिचें मागणें चुकीचें नव्हतें. जी त्या हातानें जेवली तिला वाटी हवी होती. दोघींच्या मागण्यांत वस्तुतः विरोध नव्हता. विरोध उत्पन्न केला तो आम्हीं, अमुक भाग अंगठीचा व अमुक भाग मोडीचा असें कोणास न विचारतां ठरवून. कोणत्याही वारशाच्या बाबतींत असेंच घडतें. शेताचे तुकडे करितांना विहीर कोणाकडे गेली हें सर्व पाहतात, पण बांधावरच्या ज्या आंब्याखालीं आई उन्हाचें बसत असे तो कोणाच्या वाट्यास गेला हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं.

हक्काची गोष्ट निघालीच आहे तर तीही सांगून टाकावी. चमचे आमच्या घरीं पडून होते, म्हणून ते आमचे असें आम्ही मानीत आलों. परंतु आपल्या समाजास लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणें, मृत्युपत्र नसेल तर मुलगा व मुलगी यांस आईबापांच्या मिळकतींत सारखाच वांटा मिळतो. आजोबा आजीच्या आधींच वारले होते, व आजीनें कागद केला नव्हता. तिचीं अपत्यें दोन, आमचे वडील व आत्याबाई. त्या हिशेबानें सहांपैकीं तीन चमचे आत्याबाईंचेच. “तुम्हांला वाटेल तें करा” असें त्या म्हणाल्या तें परवानगी देऊन नव्हे, तर आपल्याला कोणी हक्कदार म्हणून विचारीत नाहीं हें ओळखून. आपल्या घरांतून लग्न करून गेलेल्या बहिणी व आत्या असेंच बोलतात, आणि आपण त्याचा सोयीचा अर्थ करितों. आम्हांस जर या प्रकरणांत कोणता दोष कबूल करावयाचा असेल तर तो हा आहे. करवत लावल्याचा नव्हे.

मग अशा अंगठ्या करूं नयेत काय? आमचें मत तसें नाहीं. दांते मोडलेला काटा, जोडीदार हरवलेला एकटा चमचा, मोडीच्या दुकानांत वजनानें विकला जाणारा माल, यांस नवें रूप देणें हें त्यांस वितळवून टाकण्यापेक्षां बरेंच आहे. पूर्ण संच मात्र मोडूं नये. त्यांतील एक गेला कीं उरलेलेही उणे पडतात. इंग्लंडांत सोळाव्या-सतराव्या शतकांत बाप्तिस्म्याच्या वेळीं बालकाची हमी घेणारीं माणसें त्याला चांदीचा चमचा देत, व त्याच्या दांड्याच्या टोंकास एखाद्या प्रेषिताची मूर्ति असे. बारा प्रेषित व त्यांचा प्रभु मिळून तेरांचा संच. असे पूर्ण संच आतां अगदीं विरळा राहिले आहेत. गरीबांची ऐपत एकच चमचा देण्याची असे, आणि ज्या मुलास तो मिळे त्याची पहिली स्वतःची वस्तु तीच असे. असा चमचा हातीं आला असतां त्याला करवत लावण्यास हात धजणार नाहीं, असें आम्हांस वाटतें. पण हेंही लागलीच सांगितलें पाहिजे कीं, जपून ठेवणें म्हणजेच मान देणें असें नव्हे. तीस वर्षें फडक्यांत बांधून आम्हीं आजीच्या चमच्यांचा जो मान केला त्यापेक्षां, आमच्या पुतणीनें त्यांची आठवण काढून जी खळबळ केली तींत अधिक मान होता.

अंगठी झाली ती सुरेख झाली. वेल बोटाभोंवतीं बरोबर वळला, आणि तीं चार अक्षरें आंतील बाजूस, कातडीला लागून गेलीं. मुलगी मुंबईस गेली. आठ दिवसांत तिचें पत्र आलें कीं बोटाला खाज सुटून लाल चट्टा उठला आहे. कानशीनें घांसलेल्या कडांवर व आंतून मुलामा गेला होता, आणि खालच्या मिश्रणांतील निकल पुष्कळांच्या कातडीस सोसत नाहीं. आम्हांस हें आधीं ठाऊक असावयास पाहिजे होतें. पारदर्शक रोगण देऊन पाहिलें. तें महिन्याभरांत उडालें. आतां ती अंगठी तिनें खोलीच्या किल्ल्यांच्या जुडग्यांत अडकविली आहे. “हातांत नाहीं, पण रोज हाताला लागते,” असें ती म्हणते, आणि तिला पश्चात्ताप झाल्याचें दिसत नाहीं.

उरलेल्या पांच चमच्यांपैकीं तीन आम्हीं आत्याबाईंस नेऊन दिले. त्यांनीं ते त्याच दिवशीं ताटांत घेतले. ती वाटीही त्यांच्याकडेच आहे. चहाच्या डब्यांत माप म्हणून पडून असते, एका कपास एक वाटी. दांडा नसल्यामुळें चहा काढतांना बोटें पुडींत बुडतात, अशी त्यांची आमच्याविरुद्ध तक्रार आहे, आणि प्रत्येक भेटींत ती आम्हांस ऐकावी लागते.